मागच्या बांधीपर्यंत आवाज : आमच्या साउंड सर्व्हिसची वाटचाल

बाबांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यातल्या आमच्या गावात साउंडचा धंदा सुरू केला, तेव्हा सगळं सामान एका खाचरात मावायचं. आहुजाचं एक मशीन (आम्ही अँप्लिफायरला मशीन म्हणतो), दोन भोंगे, एक माईक, बॅटरी आणि बारीक वायरचं भेंडोळं. लग्न असो, सप्ताह असो की मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, बाबा एक भोंगा मंडपावर बांधायचे आणि दुसरा पाचशे फुटांवरच्या चिंचेवर. दोन्हीकडे आवाज खणखणीत. ते भेंडोळं खांद्यावर घेऊन मी शाळकरी वयात गावोगाव फिरलो आहे.

धंदा माझ्या हाती आला तोवर नाटकांची कामं वाढली होती. झाडीपट्टीबाहेरच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आमच्या धानपट्ट्याबाहेरच्या, वाचकांसाठी थोडं सांगतो. भाऊबीज झाली की आमच्याकडे नाटकांचा हंगाम लागतो, तो होळीपर्यंत. धान निघून बांधी, म्हणजे धानाचं शेत, मोकळी झाली की तिथंच कापडी थिएटर उभं राहतं. वडसा गावच्या नाटक कंपन्यांचे कलावंत येतात, ऑर्गन-तबल्यावर गाणी तिथल्या तिथं गायली जातात आणि नाटक रात्रभर चालतं. स्टेजपासून शेवटच्या माणसापर्यंत पस्तीस-चाळीस मीटर अंतर पडतं. दिवसभर राबून, तिकीट काढून, शाल पांघरून आलेल्या मागच्या आजीला प्रत्येक शब्द कळला पाहिजे. माझ्या लेखी आमचा धंदा एवढाच आहे.

भोंग्यावर बोलणं कळतं, पण गाण्याची गोडी येत नाही. म्हणून मी टॉप, म्हणजे बोलणं-गाणं वाजवणारे पेटीतले स्पीकर, घेतले आणि त्यांना जोडायला नागपूरहून मोठं मशीन आणलं. बाजारात असेंबल केलेलं, समोर ‘२००० वॉट’ असं ठळक स्टिकर, किंमत माझ्या खिशाला झेपणारी. तेव्हा इतवारीहून नागभीडला छोट्या लाईनची गाडी चालायची. तिच्यातून ते मशीन मी मांडीवर घेऊन आणलं.

पहिल्याच हंगामातली एक रात्र. अडीच-तीनचा सुमार. शेतावरच्या मोटारी सुरू झाल्या आणि लाईन डिम झाली. बल्ब पिवळे पडले. मशीनचा लाल क्लिप लाइट, म्हणजे ताकद संपल्याची खूण, लागला तो विझेचना. मी आवाज वाढवत गेलो, तशी गाण्याला खरखर सुटली आणि एका टॉपमधून जळका वास आला. मागून ओरडा सुरू झाला, “मांगं आयकू येत नाई गा!” गाणारी बाई क्षणभर थांबली, माईक सोडून स्टेजच्या अगदी काठावर आली आणि उघड्या गळ्याने पुढचं पद म्हणाली. लोक चिडीचूप झाले. त्यांनी तिचं ऐकून घेतलं, पण मला मान वर करवेना. त्या कामाचे पैसे मी घेतले नाहीत.

मशीन घेऊन नागभीडच्या एका जुन्या रेडिओ मेकॅनिककाकांकडे गेलो. त्यांनी झाकण उघडायच्या आधी मागचा फ्यूज काढून माझ्या तळहातावर ठेवला. “बाबू, पुढचं स्टिकर वाचू नको, मांगचा फ्यूज वाच.” फ्यूज ५ अँपिअरचा होता. २३० व्होल्टला ५ अँपिअर म्हणजे आत जाणारीच वीज ११५० वॉट, मग बाहेर सलग २००० कुठून येणार? नंतर झाकण उघडून त्यांनी ट्रान्झिस्टर मोजायला लावले. ५२०० आणि १९४३ या नंबरांच्या ट्रान्झिस्टरच्या, दोन्ही चॅनेल (मशीनच्या आवाज बाहेर देणाऱ्या दोन बाजू) मिळून चार जोड्या. एका जोडीमागे साधारण १०० वॉट धरायचे, म्हणजे सगळे मिळून ४००.

त्या ४०० चं पुढं काय झालं तेही काकांनी कागदावर मांडून दाखवलं. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या मशीनची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते. २३० चे १८० व्होल्ट झाले की ताकद ६१ टक्क्यांवर येते. ४०० चे २४५ उरले.

मग वायर. मी बाबांचंच बारीक वायरचं भेंडोळं वापरलं होतं, १ चौरस मिलिमीटरचं, तीस मीटर. जाऊन-येऊन साठ मीटर तांब्याचा रोध सुमारे १.१ ओहम होतो. प्रत्येक चॅनेलवर ८ ओहमचे दोन टॉप, म्हणजे ४ ओहमचा लोड. या हिशोबात टॉपपर्यंत ६२ टक्केच पोचतात. २४५ चे १५० झाले. स्टिकरवर २०००, आणि बांधीत दीडशे.

मी म्हटलं, काका, याच वायरीवर बाबांचा भोंगा पाचशे फुटांवर वाजायचा. काका म्हणाले, बाबांची लाईन १०० व्होल्टची होती. १०० वॉट पाठवायला तिच्यात एकच अँपिअर धावतो. तेवढेच १०० वॉट ४ ओहमला द्यायचे तर व्होल्ट फक्त २०, पण अँपिअर ५. करंट पाचपट झाला की त्याच वायरीतला तोटा पंचवीसपट होतो. इतकी वर्षं ती वायर खांद्यावर वागवली आणि तिचं हे गणित मला त्या दुपारी कळलं.

टॉप जळाला तो जास्त ताकदीने, असं मला वाटत होतं. खरं कारण उलटं होतं. मशीन दमलं की आवाजाच्या लाटेचे शेंडे कापले जातात. कापलेल्या लाटेत वरच्या सुरांचा कचरा भरतो आणि तो थेट टॉपमधल्या लहान कॉइलवर जाऊन तिला तापवतो. म्हणून आता मी स्पीकरच्या सलग वॉटच्या दीडपट-दुप्पट ताकदीचं मशीन घेतो आणि क्लिप लाइट लागू देत नाही.

त्यानंतर लगेच नवीन मशीन घेतलं नाही, पैसेच नव्हते. आधी २.५ चौरस मिलिमीटरची वायर घेतली आणि मशीन मिक्सरजवळून उचलून विंगेत नेलं. टॉपपर्यंतची वायर दहा मीटरवर आली, रोध ०.१५ ओहमवर. दुसऱ्या हंगामात टॉप बदलले. जुने १ वॉटला १ मीटरवर ९४ डेसिबल द्यायचे, नवे ९८ देतात. हे ४ डेसिबल मशीनकडून काढायचे तर अडीचपट वॉट विकत घ्यावे लागले असते. दुप्पट वॉट घेतले तरी फक्त ३ डेसिबल वाढतात, हे प्रत्येक नव्या पोराला मी पहिल्या दिवशी सांगतो.

मशीन आलं तिसऱ्या वर्षी. धंदा बंद करणाऱ्या एका सर्व्हिसवाल्याकडून जुनं क्लास एच मशीन (आवाजाच्या गरजेप्रमाणे आतला व्होल्टेज वाढवणारं) घेतलं, ४ ओहमला चॅनेलमागे ६५० वॉट, वजन २७ किलो. घेण्याआधी अर्धा तास लोडवर चालवून पाहिलं, पंख्यावर हात धरला, आणि डीसी प्रोटेक्शनचा रिले, म्हणजे बिघाड झाला की स्पीकर आपोआप तोडणारा स्विच, आहे का ते तपासलं. ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की डीसी, म्हणजे एकाच दिशेची वीज, सरळ स्पीकरवर जाते. रिले नसेल तर चार हजार वाचवायला गेलेला माणूस चार स्पीकर गमावतो. ते मशीन आजही बेसच्या, म्हणजे खालच्या सुरांच्या, स्पीकरवर आहे. टॉपसाठी पुढे हलकं क्लास डी मशीन (ट्रान्झिस्टर झपाट्याने चालू-बंद करत चालणारं) घेतलं. ते वीज कमी खातं, कमी तापतं आणि जनरेटरवर भार कमी टाकतं. पण एसएमपीएसचं, म्हणजे जड ट्रान्सफॉर्मरऐवजी स्विचिंगच्या वीजपुरवठ्याचं, मशीन घेताना ते किती व्होल्टपर्यंत चालतं हे आधी विचारा. काही मशीन लाईन खाली आली तरी पूर्ण ताकद देतात, काही सरळ बंद पडतात. खेड्यात वॉटच्या आधी हाच प्रश्न. आणि एका चॅनेलवर ८ ओहमचे चार टॉप जोडायचा मोह नको. लोड २ ओहमवर येतो, आणि स्वस्त मशीनला तो सहसा झेपत नाही.

घरासाठीही लोक विचारायला येतात. आमच्या शाळेचे गुरुजी १००० वॉटचं मशीन मागत होते, बैठकीच्या खोलीत भजनं ऐकायला. मी म्हटलं, गुरुजी, ५० वॉटचं चांगलं मशीन घ्या, उरलेले पैसे स्पीकरला लावा. दोन दिवस माझंच एक जुनं मशीन त्यांच्या घरी ठेवलं. त्यांनी आवाजाचं बटण अर्ध्यापर्यंतसुद्धा नेलं नाही.

आता आमच्याकडे चार पोरं कामाला आहेत. व्होल्टमीटर मिक्सरच्या शेजारीच टांगलेला असतो; काटा २०० खाली गेला की जनरेटर. मागच्या पौषात रात्री तीनला १७५ पर्यंत घसरला, गाणं सुरूच राहिलं.

बाबा सत्तरी ओलांडलेत, तरी नाटकाला येतातच. पडदा उघडायच्या आधी मी माईकवर बोलतो आणि ते टॉर्च घेऊन अंधारातून सगळ्यात मागच्या धुऱ्यावर जाऊन बसतात. शब्द नीट पोचला की टॉर्च दोनदा लावतात. ती दोनदा लागल्याशिवाय मी नाटकाच्या मास्तरला खूण करत नाही.