एका टाचणीतल्या दोन पावत्या

जुलै महिना लागला की नाशिकच्या शरणपूर रस्त्यावरच्या माझ्या छोट्या करसल्ला कार्यालयात पावत्यांनी भरलेल्या पिशव्या येऊ लागतात. परवा एक आर्किटेक्ट दांपत्य आले होते. साहेबांची स्वतःची प्रॅक्टिस गंगापूर रस्त्यावर आहे, तर मॅडम एका महाविद्यालयात शिकवतात. दोघांनी कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचे, म्हणजे आर्किटेक्टची नोंदणी ठेवणाऱ्या परिषदेचे, नोंदणी नूतनीकरण शुल्क एकाच दिवशी, एकाच मोबाइलवरून भरलेले आणि दोन्ही पावत्या एकाच टाचणीने जोडलेल्या. मी टाचणी काढून एक पावती साहेबांच्या फायलीत ठेवली आणि दुसरी मॅडमना परत केली. तिथून जे बोलणे सुरू झाले ते तासभर चालले, म्हणून असे शुल्क आयकरात कोणाला वजा करता येते आणि कोणाला नाही, हा विषय एकदा नीट लिहून ठेवावा असे वाटले.

आयकर कायदा पावती कोणत्या संस्थेची आहे हे नंतर पाहतो. ती कोणत्या उत्पन्नासमोर ठेवली आहे हे आधी पाहतो. मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाला १९६१ चा कायदा लागू आहे आणि इथली सगळी कलमे त्यातलीच. व्यवसायाच्या उत्पन्नाला त्यातील कलम ३७(१) लागू होते. खर्च पूर्णपणे आणि केवळ व्यवसायासाठी झालेला असावा, तो भांडवली (म्हणजे टिकाऊ मालमत्ता किंवा हक्क मिळवण्यासाठीचा) नसावा आणि वैयक्तिकही नसावा, एवढ्या अटी पाळल्या की वार्षिक सभासद शुल्क, परिषदेचे नूतनीकरण किंवा व्यावसायिक नियतकालिकाची वर्गणी विनातक्रार वजा होते, मग करप्रणाली जुनी असो वा नवी. पगाराच्या उत्पन्नाला मात्र कलम १६ लागू होते आणि त्या कलमात अशा शुल्काला जागाच नाही. तिथे प्रमाणित वजावट आहे, जुन्या प्रणालीत ५०,००० रुपये आणि २०२४-२५ पासून नव्या प्रणालीत ७५,००० रुपये. नोकरीसाठी केलेले सगळे खर्च त्यातच आले असे धरले जाते.

हे पूर्वीपासून असेच नव्हते. १९६१ च्या मूळ कायद्यात पगारदाराला कामासाठी लागणाऱ्या पुस्तकांचा खर्च ५०० रुपयांपर्यंत वजा करता येत असे, शिवाय नोकरीच्या अटींमुळे करावा लागणारा खर्चही काही मर्यादेत चालत असे. १९७४ च्या वित्त कायद्याने या फुटकळ वजावटींच्या जागी एकच ठोक वजावट आणली. पुढे ती काढून टाकण्यात आली आणि २०१८ च्या अर्थसंकल्पात परत आली, परंतु पुस्तके आणि वर्गण्या काही परत आल्या नाहीत. प्रशासनाच्या सोयीसाठी हे समजण्यासारखे आहे. तरीही ज्या शिक्षकाला नोंदणी टिकवल्याशिवाय नोकरी टिकवता येत नाही त्याच्यावर यात अन्याय होतो, असे माझे मत आहे. मॅडमची बहीण इंग्लंडमध्ये परिचारिका आहे आणि तिला तिच्या नोंदणी शुल्कावर करसवलत मिळते, हे त्यांनी मला ऐकवलेच. ते खरे आहे, कारण तिथल्या कर विभागाने मान्यताप्राप्त संस्थांची यादीच ठेवलेली आहे आणि त्या यादीतील संस्थेचे वार्षिक शुल्क पगारदारालाही वजा करता येते.

मग मॅडमनी पगारपत्रक पुढे केले आणि ‘प्रोफेशनल टॅक्स’ या ओळीवर बोट ठेवले. हा घोटाळा दरवर्षी कोणी ना कोणी करतोच. दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, असे वर्षाला २,५०० रुपये कापले जातात तो राज्याचा व्यवसाय कर आहे. त्याचा सभासद शुल्काशी काही संबंध नाही आणि त्याची वजावटही पगारदाराला फक्त जुन्या प्रणालीतच मिळते. शुल्क महाविद्यालयाने भरले तर काय, असाही प्रश्न आला. कर्मचाऱ्याने स्वतः द्यायची रक्कम मालकाने भरली, तर ती कलम १७(२)(iv) प्रमाणे पगाराबरोबर मिळालेला करपात्र लाभ (पर्क्विझिट) ठरू शकते.

साहेबांच्या फायलीत खरी अडचण निघाली ती आजीव सभासदत्वाची. एका व्यावसायिक संघटनेला त्यांनी एकरकमी पैसे भरले होते. लाभ आयुष्यभराचा म्हणून खर्च भांडवली, असा सोपा हिशेब अधिकारी मांडू शकतो. परंतु दीर्घकाळ लाभ मिळतो एवढ्यावरून खर्च भांडवली ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एम्पायर ज्यूट खटल्यात १९८० मध्येच सांगितले आहे. सभासदत्वामुळे विकता येण्याजोगा हक्क हाती येतो की रोजचे काम फक्त सुकर होते, हे पाहावे लागते. याचे दुसरे टोक म्हणजे मुंबई शेअर बाजाराचे सभासद कार्ड. ते व्यावसायिक हक्क आहे आणि म्हणून त्यावर घसारा (किमतीची वर्षागणिक थोडी थोडी वजावट) मिळतो, असा निर्णय टेक्नो शेअर्स प्रकरणात २०१० मध्ये झाला. आर्किटेक्टचे आजीव सभासदत्व कोणाला विकता येत नाही, त्यामुळे मी ते महसुली, म्हणजे त्याच वर्षी वजा होणाऱ्या, खर्चातच धरतो आणि कारण फायलीत लिहून ठेवतो.

जीएसटीचे थोडक्यात सांगतो. पावतीवर १८ टक्के कर लावलेला असेल आणि तुम्ही जीएसटीखाली नोंदणीकृत असाल, तर पावतीवर स्वतःचा जीएसटी क्रमांक घालून घ्या, म्हणजे त्या कराचे क्रेडिट घेता येईल, अर्थात तुम्हाला भरायच्या जीएसटीतून तो वळता करता येईल. क्लब किंवा व्यायामशाळेच्या सभासदत्वाला हे क्रेडिट मिळत नाही.

त्याच पिशवीतून सार्वजनिक वाचनालयाची वर्गणी आणि गल्लीतल्या गणेश मंडळाची पावतीही निघाली. वाचनालय १८४० पासूनचे असले तरी तिथून कादंबऱ्याच आणल्या जात होत्या, त्यामुळे तो खर्च वैयक्तिक. मंडळाच्या स्मरणिकेत कार्यालयाची जाहिरात दिली असती तर गोष्ट वेगळी होती. नुसती वर्गणी म्हणजे वर्गणीच.

एवढे सगळे झाल्यावर मी साहेबांच्या जमेचा आकडा पाहिला, जो खरे तर आधी पाहायला हवा होता. वर्षाची जमा ३१ लाख आणि सगळे खर्च मिळून १२ लाख. कलम ४४एडीए प्रमाणे ५० लाखांपर्यंत जमा असलेल्या आर्किटेक्टला निम्मी जमा नफा म्हणून दाखवता येते. रोख जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर ही मर्यादा ७५ लाख होते. म्हणजे १९ लाखांऐवजी साडेपंधरा लाखांवर कर. पण त्या निम्म्यात सगळे खर्च आलेच असे मानले जाते आणि वेगळी पावती दाखवायला वाव राहत नाही. मी त्यांच्या फायलीतली पावतीही काढून परत केली. मॅडमनी ती हातात घेतली, आपल्या पावतीला जोडली आणि टेबलावरची टाचणी पुन्हा लावली.