परदेशी न्यायालयाची लिंक आणि वर्ध्यातला माझा दावा

मी आर्वी तालुक्यातील माहेरी परत आल्यानंतर पतीने अमेरिकेत घटस्फोटाचा अर्ज केल्याचे मला ई-मेलवरून कळले. मेलसोबत अर्जाची प्रत आणि व्हिडिओवरून हजर राहण्याची लिंक होती.

वर्ध्याचे वकीलसाहेब म्हणाले, "ताई, तुम्ही उत्तरही देऊ नका आणि लिंकही उघडू नका, आधी मला कागद वाचू द्या." सर्वोच्च न्यायालयाच्या 1991 च्या वाय. नरसिंह राव प्रकरणातील निर्णयानुसार, ज्या कायद्याखाली लग्न झाले त्या कायद्यात नसलेल्या कारणावर परदेशात मिळालेला घटस्फोट येथे सहसा मान्य होत नाही. मात्र पत्नीने त्याला संमती दिली असेल, तर चित्र बदलते. पतीच्या अर्जात 'मतभेद मिटण्याजोगे नाहीत' एवढेच कारण होते आणि ते हिंदू विवाह कायद्यात नाही. पूर्वी सातासमुद्रापलीकडच्या न्यायालयात हजर होण्यासाठी विमानाचे तिकीट लागे. आता ओसरीत बसून होणारी हजेरीही न्यायालयाचा अधिकार मान्य केल्याचा पुरावा म्हणून पुढे येऊ शकते, हे मला त्या दिवशी उमगले. शिवाय न्यायालयीन कागद परदेशात बजावण्याविषयीच्या 1965 च्या हेग करारात सामील होताना भारताने परदेशातून थेट टपालाने समन्स पाठवण्यास हरकत नोंदवली असल्याने, समन्स केंद्रीय विधी मंत्रालयामार्फत यायला हवे होते. वकीलसाहेबांनी हे सर्व लेखी कळवले आणि अधिकारक्षेत्र मान्य नसल्याचे त्यात स्पष्ट लिहिले.

माझा पोटगीसह दावा आम्ही वर्ध्यातच दाखल केला, कारण हिंदू विवाह कायद्यातील 2003 च्या दुरुस्तीने पत्नीला ती राहते तेथे दाद मागता येते.

खरा वेळ गेला तो व्हॉट्सॲपच्या संदेशांत. पगार आणि पासपोर्ट यांविषयी पतीने जे लिहिले होते, त्याचे नुसते स्क्रीनशॉट पुरेसे नव्हते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागते. त्याचा पहिला भाग पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाईलचे हॅश मूल्य, म्हणजे फाईलवरून संगणकाने काढलेला अंक-अक्षरांचा संकेत, लिहायचे. हे मूल्य बोटाच्या ठशासारखे असते, एक अक्षर बदलले तरी ते जुळत नाही. तालुक्यात असा तज्ज्ञ मिळेना, म्हणून नागपूर गाठावे लागले. (कायदा करणाऱ्यांनी आमच्याकडच्या एसटीचे वेळापत्रक बहुधा पाहिले नसावे.) मूळ मोबाईल मी तेव्हापासून दुरुस्तीलाही दिलेला नाही.

दावा अजून सुरू आहे. पुढची तारीख ई-कोर्ट्सच्या ॲपवर दिसते, त्यामुळे केवळ तारीख विचारण्यासाठी होणारी वर्ध्याची फेरी मात्र वाचली आहे.