तुम्ही विचारलंत म्हणून: ओट्सची खळ

सकाळी फिरायला गेलं की कुणीतरी हटकतंच, "काय हो, ओट्सने कोलेस्टेरॉल खरंच उतरतं का?"

उतरतं. पण किती, ते सांगितलं की विचारणाऱ्याचा चेहराही उतरतो. माझं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १४८ होतं, तीन महिन्यांनी १३८ झालं. म्हणजे सहा-सात टक्के. साधारण एवढंच अपेक्षित असतं. ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, तर जागचे हललेही नाहीत.

ओट्स शिजवलेलं पातेलं तासभर तसंच ठेवून बघा. कडेला बुळबुळीत खळ धरते, पतंगाला लावतो तशी. ती बीटा-ग्लुकनची करामत. पाण्यात विरघळणारा तंतूच तो. आतड्यात अशीच खळ होते आणि तिच्यात पित्ताम्लं, म्हणजे चरबी पचवणारी पित्तातली आम्लं, अडकतात. एरवी ती बहुतेक सगळी यकृताकडे परत जातात. आता शौचावाटे जातात. मग यकृताला नवं पित्त करावं लागतं, त्याचा कच्चा माल म्हणजे कोलेस्टेरॉल, आणि ते यकृत रक्तातून ओढून घेतं.

यासाठी बीटा-ग्लुकन रोज ३ ग्रॅम लागतं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याने, १९९७ मध्ये ओट्सच्या पाकिटावर हृदयाबद्दलचा दावा छापायला परवानगी दिली, तीही याच मात्रेवर. म्हणजे कोरडे ओट्स सुमारे ७५ ग्रॅम, आमच्या वाटीने दीड वाटी. मी सुरुवातीला दोन चमचे दुधात घालून पुण्य मिळवत होतो, तेही पोहे हाणून झाल्यावर. शेवटी ही म्हणाली, "अहो, ते पोह्यांऐवजी खायचंय, पोह्यांवर नाही!" मसाला ओट्सचं छोटं पाकीट तर जेमतेम चाळीस ग्रॅमचं, वर मीठ. ज्यांना बीपी आहे त्यांनी त्याच्या नादी लागू नये.

"आपल्या ज्वारीत नसतं का हे?" असंही विचारतात. ज्वारी चांगलीच, पण तिच्यात बीटा-ग्लुकन नावापुरतं. जवात मात्र भरपूर असतं. ओट्स घशाखाली उतरत नसतील तर जव घ्या.

आणि हो, कोलेस्टेरॉलची गोळी बंद करू का, हे मला विचारू नका. ती गोळी, म्हणजे स्टॅटिन, एलडीएल तीस-चाळीस टक्के खाली आणतं. तिथे माझी खळ काय पुरणार!

पातेलं मात्र मीच घासतो. भांडीवाल्या मावशींनी पहिल्याच आठवड्यात हात टेकले.