जास्वंदीवरचा मावा आणि वाया गेलेले अठरा दिवस

अठरा दिवस मी मावा या किडीवर बुरशीचं औषध मारत होते. अजून आठवलं की डोकं तापतं, म्हणून लिहितेय.

आमचं घर गुहागरजवळ. पडवीत कुंडीतली जास्वंद, मागे परसात चवळी. डिसेंबरात थंडी पडली आणि जास्वंदीच्या खालच्या पानांवर काजळी धरली, पानं हाताला चिकट लागायला लागली. फोटो काढून शेतीच्या औषधांच्या दुकानात दाखवला. दुकानदाराने मोबाईल हातातही न घेता सांगितलं, "बुरशी आहे," आणि पुडी दिली. फवारली. आठवड्याभरात कळ्या पिवळ्या पडून गळायला लागल्या. परत गेले तर म्हणे, "डोस कमी पडला, पुन्हा मारा." मारला. आता चवळीचे शेंडेही मुडपायला लागले. तिसऱ्या खेपेला डहाळीच मोडून पिशवीत घेतली. दुकान दुपारचं बंद. चारपर्यंत एसटी स्टँडवर बसले, तोवर डहाळी मलूल झाली. पिशवी उघडूनसुद्धा न बघता त्याने आणखी महागाची बाटली पुढे केली. ती मात्र मी घेतली नाही.

शेजारच्या काकू कुंडीपाशी आल्या आणि म्हणाल्या, "अगं, आधी मुंग्या बघ. कुठवर चढतायत त्या?" मुंग्या थेट शेंड्यापर्यंत चढत होत्या. कोवळं पान उलटलं आणि सासऱ्यांचं पेपर वाचायचं भिंग धरलं. नासपतीच्या घाटाचे, टाचणीच्या डोक्याएवढे हिरवे किडे दाटीवाटीने बसलेले, पाठीमागे दोन बारीक नळ्या, मध्येमध्ये टाकलेल्या पांढऱ्या काती. एक मादी तर माझ्यासमोर पिल्लू घालत होती. मावा अंडी न घालता, नराशिवायही थेट पिल्लं घालतो, म्हणून आठवड्यात शेंडा भरून जातो. चवळीवरचा मावा काळा होता.

हा मावा रस शोषतो आणि गोड चिकटा खाली टाकतो. त्या चिकट्यावर काजळी वाढते. ओल्या बोटाने पुसून बघा, काजळी निघते आणि खाली पान हिरवंच असतं. काळं खाली दिसलं की वरच्या पानाची मागची बाजू बघायची, ही एवढी गोष्ट मला कुणी पहिल्या दिवशी सांगायला हवी होती!

पुढचं सोपं होतं. तीन दिवस सकाळी पाण्याचा जोरदार फवारा, पानांच्या खालून. चवळीचे भरलेले शेंडे खुडून साबणाच्या पाण्यात बुडवले. मग एक लिटर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण मिसळून संध्याकाळी फवारलं, सात दिवसांनी पुन्हा. आधी दोन पानांवर मारून बघा, उन्हात तर मारूच नका. आणि हो, पावसाळ्यानंतर मी कुंडीत युरिया घातला होता. त्या लुसलुशीत फुटीवरच मावा सगळ्यात जास्त होता. युरिया आता बंद.

मगरीच्या पिल्लासारख्या दिसणाऱ्या, काळ्या अंगावर नारिंगी ठिपके असलेल्या दोन अळ्या मी कीड समजून चिरडल्या. त्या ढालकिड्याच्या, म्हणजे लेडीबर्डच्या होत्या, मावा खाऊन जगणाऱ्या. त्याचं वाईट वाटतं.

काल वरच्या डहाळीवर पुन्हा पाच-सहा मावे दिसले. शेजारीच तशी एक अळी होती, म्हणून पाणीही मारलं नाही.