तुम्ही विचारलंत म्हणून: ड्यूटी घरी येते का?

"स्टेशनवरचं टेन्शन घरी आणत नाही ना?" लग्नकार्यात कोणीतरी हे विचारतंच. सिंधुदुर्गातल्या एका छोट्या स्टेशनवर मी स्टेशन मास्तर आहे. घरी सासूबाई, नवरा आणि कॉलेजात जाणारी मुलगी. टेन्शनचं माहीत नाही, पण ड्यूटीवरची एक सवय मी मुद्दाम घरी आणली आहे. नुसत्या 'हो'वर थांबायचं नाही.

गाडी सोडण्याआधी आम्ही फाटकावर फोन करतो. गेटमनने 'बंद केलं' म्हटलेलं पुरत नाही. त्याच्याजवळच्या कागदावरचा प्रायव्हेट नंबर, म्हणजे खुणेचा गुप्त आकडा, तो सांगतो, मी तो परत म्हणून दाखवते आणि लिहून ठेवते. मगच सिग्नल. पेंगुळलेला माणूसही सवयीने 'हो' म्हणून जातो. नंबर सांगायचा तर कागद बघावाच लागतो.

सासूबाईंना साखर आणि बीपी. "आई, गोळी घेतलीत?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "घेतलंय गो, कित्याक परत परत इचारतंस?" आणि संध्याकाळी बघावं तर दुपारची गोळी पाकिटात तशीच. त्या खोटं बोलत नव्हत्या. कालची घेतलेली त्यांना आजची वाटायची, शिवाय ऐकू कमी येतं आणि तसं सांगायला संकोच. मग मी प्रश्नच बदलला. "जेवल्यावर कुठली घेतलीत, पांढरी की गुलाबी?" आता त्या डबी उघडून बघतात आणि मग सांगतात. चुकलेली गोळी तिथेच कळते, रागवायची वेळच येत नाही.

हे उलटही झालं. नवा पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारा कर्मचारी, घाईघाईने 'हो मॅडम' म्हणाला की मला आई आठवतात. समजलं नाही हे सांगायला पंचविशीतल्या पोरालाही तितकंच जड जातं, हे मी ट्रेनिंगमध्ये शिकले नाही, आईंमुळे कळलं. म्हणून त्याला म्हणते, "आता आधी काय करशील, सांग बघू." आवाज मात्र चढवत नाही. चढला की माणूस आणखी पटकन 'हो' म्हणतो.

पावसाळ्यात तर सगळा भार अशा निरोपांवरच असतो. जोराच्या पावसात समोरचं दिसेनासं झालं की गाडी ताशी 40 किलोमीटरवर आणायची, असा आमच्या मार्गावर नियम आहे. डोंगर कापून काढलेल्या भागात दरड येऊ शकते, म्हणून रात्रभर गस्त चालू असते. गस्तवाला ठरल्या वेळी पोहोचला नाही, तर 'येईल' म्हणून बसून राहता येत नाही. त्याचं न येणं हीच खबर धरायची, पुढच्या गाडीच्या चालकाला सावध करायचं आणि माणूस शोधायला पाठवायचा.

मुलीला मात्र मी पडताळत नाही. तिला उठसूट 'सांग बघू' केलं तर तो संशय होईल, आणि आईचा संशय मुलं विसरत नाहीत. तिच्या 'हो'वर मी विश्वास ठेवते. गस्तीचा नियम तेवढा दोघींनी ठरवून घेतला आहे: एसटी चुकली तर तिने फोन करायचा, आणि वेळ उलटूनही फोन आला नाही तर मी करणार, तेव्हा तिने चिडायचं नाही. पेपर कसा गेला, डबा कोणाबरोबर खाल्ला, हे ती सांगेल तेव्हा ऐकते.