गोव्यातलं जुनिपर आणि काकींचं तेफळ

गोव्याची दारू म्हणजे फेणी, यात वाद नाही. काजूच्या फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण गेल्या काही वर्षांत गोव्यात गिनही बनायला लागली. ‘ग्रेटर दॅन’ 2017 साली आली, 2018 मध्ये ‘हापुसा’ आणि ‘स्ट्रेंजर अँड सन्स’. आणि गिन म्हटलं की जुनिपर, म्हणजे तिला वास देणारा फळासारखा मसाला, आलंच. बाकी लिंबाची साल, धने, वेलची काय हवं ते घाला, जुनिपर नसेल तर ती गिन नव्हे. मी दारू पीत नाही, पण मसाल्यांचं वेड जुनं आहे. म्हणून यंदा चवथीची गर्दी ओसरल्यावर बेळगावमार्गे चोर्ला घाट उतरले, ते जुनिपर बघायला आणि फोंड्याकडच्या काकींकडे राहायला.

घाटात अजून पाऊस होता. धबधबे, धुकं, सगळं होतं; पण त्यावर पुष्कळांनी लिहिलंय, मी थांबत नाही.

गिनच्या भट्टीत शिरल्यावर पहिल्यांदा आला तो वास. दारूचा नाही, जंगलाचा. देवदाराचं ताजं लाकूड तासावं आणि शेजारी कुणी संत्रं सोलावं, तसा. तिथल्या दादांनी पोत्यात हात घालून मूठभर फळं माझ्या ओंजळीत टाकली. वाटाण्याएवढी, निळसर काळी, वरून पांढुरकी झाक, बोट फिरवलं की पुसली जाणारी. टोकाला बारीक तीन रेघांची चांदणी. ही चांदणी म्हणजे या फळाची जन्मखूणच. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं जुनिपर हे फळ नाहीच, तो सूचिपर्णी झाडाचा शंकू आहे. तीन मांसल खवले एकमेकांना चिकटून गोळा झाला, त्या जोडाच्या या रेघा. फोडलं तर आत चिकट गर आणि बहुतेक वेळा तीन कडक बिया.

पिकायला याला दोन-तीन वर्षं लागतात. त्यामुळे एकाच फांदीवर यंदाचं हिरवं आणि आधीचं काळं फळ शेजारीशेजारी असतं, आणि पानं सुईसारखी टोचरी. म्हणजे तोडणाऱ्यानं पिकलेलं तेवढंच निवडून काढायचं. मुठीतल्या त्या दाण्यांमागे किती माणसांचे ओरखडलेले हात असतील, हे मला तिथे उभं राहून फार जाणवलं. गोव्याच्या दमट हवेत हे झुडूप रुजत नाही. युरोपातल्या डोंगरांवरून येतं, नाहीतर आपल्या हिमालयातून. ‘हापुसा’त हिमालयातलंच जुनिपर असतं.

फोंड्याला काकींच्या घरी पोचले तर अंगणात सुपात तेफळं वाळत होती. आपण घाटावर ज्याला तिरफळ म्हणतो तेच. ऊन पडलं की सूप बाहेर, सर आली की आत, असा काकींचा दिवसभर खेळ. वाळलं की तेफळ तोंड उघडतं. आतली काळी चकचकीत बी फेकायची आणि खरखरीत टरफल ठेवायचं, सगळा वास त्या टरफलातच. मी पुडीतलं जुनिपर त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी एक दाणा नखानं फोडला, हुंगला आणि म्हणाल्या, “हे आमच्या तेफळाचं भावंडच गो!”

नात्यानं नव्हे. तिरफळ लिंबाच्या कुळातलं, चिनी स्वयंपाकातल्या सिचुआन मिऱ्याचा सख्खा चुलत, आणि जिभेला झिणझिण्या आणणारं. जुनिपर सायप्रसच्या कुळातलं, त्यानं जीभ बधिर होत नाही. पण वागणूक एक. दोन्ही मोजून घालायची, ठेचून घालायची, आणि तेलकट, उग्र पदार्थाला ताळ्यावर आणायला घालायची. त्या संध्याकाळी बांगड्याचं हुमण झालं. नारळ, सुकी मिरची, धने, हळद वाटून त्यात आंबटाला सोलं, म्हणजे आमसुलं. तेफळं काकींनी चमचाभर पाण्यात चेचली आणि रस्सा उकळून उतरायच्या बेताला त्या पाण्यासकट घातली. “चावायचं नाय, वासाला घालायचं.” बांगड्यासारख्या तेलकट मासळीला याच्याइतकं चांगलं काही नाही, असं माझं ठाम मत आहे. चवथीच्या खतखत्यातही हेच तेफळ असतं, आणि ते नसेल तर खतखतं नुसती मिसळभाजी होते.

दुसऱ्या दिवशी जुनिपरची पाळी. युरोपात ते हरणाच्या, रानडुकराच्या मांसाला लावतात, जर्मन लोक आंबवलेल्या कोबीत घालतात. आम्ही मटण घेतलं. किलोभर मटणाला जुनिपरचे आठ दाणे. खलात हलके चेचले, पीठ केलं नाही. फार कुटलं तर कडवटपणा उतरतो. त्यात लसूण, भरड मिरी, मीठ आणि दोन चमचे माडाचं व्हिनेगर. रात्रभर मुरवून सकाळी कांद्यावर मंद आचेवर शिजवलं. नारळ नाही, गरम मसाला नाही. काकींना आधी हे पचनी पडेना, नारळाशिवाय मटण म्हणजे काय! पण झाकण काढल्यावर जो वास आला त्यावर त्यांनीच वाटी पुढे केली. मटणाचा उग्रपणा गेला होता आणि मागे जंगलातली थंड हवा राहिली होती.

आता औषधाचं. आयुर्वेदात जुनिपरला हपुषा म्हणतात, काष्ठौषधींच्या दुकानात हाऊबेर म्हणून मिळतं. अग्निमांद्य, पोटफुगी, पोटदुखी आणि लघवी साफ होण्यासाठी ते सांगितलेलं आहे. युरोपियन मेडिसिन्स एजन्सीही जुनिपरला लघवीचं प्रमाण वाढवायला आणि पोट जड होणं, गॅस अशा तक्रारींसाठी मान्यता देते. पण ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराच्या आधारावर, मोठ्या चाचण्यांच्या नव्हे. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. मधुमेह बरा होतो, संधिवात जातो, असे दावे वाचाल तर विश्वास ठेवू नका. आणि गिन पिऊन जुनिपरचे गुण मिळतात हे तर अजिबातच खरं नाही, दारूचं नुकसान तेवढं पदरात पडतं.

गरोदर बायकांनी जुनिपर औषध म्हणून मुळीच घेऊ नये. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनीही नाही. मधुमेहाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. याच्या जातीही अनेक आहेत, त्यातली सॅव्हिन नावाची विषारी. म्हणून डोंगरात दिसलं आणि तोडलं, असं करू नका. विकत घेताना ‘जुनिपरस कम्युनिस’ आहे ना, याची खात्री करा.

निघताना म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेले. नव्या हंगामाचं तेफळ नुकतं यायला लागलं होतं. घेताना दोन गोष्टी पाहा: बिया निवडून काढलेल्या हव्यात, आणि टरफल चुरडल्यावर लिंबाच्या सालीसारखा वास झटकन नाकात भिनायला हवा. जुनं तेफळ नुसतं लाकूड लागतं. दोन्ही मसाले घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत, अंधारात ठेवायचे आणि ऐन वेळीच ठेचायचे. काकींना मी उरलेली जुनिपरची पुडी ठेवून आले. त्यांचा विचार कोबीच्या लोणच्यात दोन दाणे टाकून बघायचा आहे. जमलं तर कृती इथे लिहीन.