एका चौकटीत मावेना असा एसटीएम-१: माझा अनुभव

काम ऐकायला किरकोळ होतं. जुन्या दूरसंचार उपकरणांचं प्रदर्शन मांडायचं होतं आणि बॅकबोनचा, म्हणजे एक्स्चेंजांना जोडणाऱ्या मुख्य लिंकचा, वेग डायल-अप मोडेमच्या (फोनच्या लाइनवरून संगणक जोडणाऱ्या यंत्राच्या) हिशेबात सांगणारा तक्ता माझ्या वाट्याला आला. डावीकडे ई-१, टी-१, एसटीएम-१ या ठरावीक वेगाच्या डिजिटल लिंक आणि वरच्या ओळीत ३०० बीपीएसपासून (बिट प्रति सेकंद) ५६ के (५६,००० बीपीएस) पर्यंतचे मोडेम. मजकुराला तांत्रिक मंजुरी लागायची. तिच्या छापील फॉर्ममध्ये प्रत्येक जोडीसमोर एकच चौकट होती, 'समतुल्य मोडेम संख्या'. त्या चौकटीवरचा माझा राग अजून उतरलेला नाही.

एककं जुळवणं लगेच उरकलं. सगळं बिट प्रति सेकंदात आणलं की झालं. दूरसंचारात किलो म्हणजे सरळ १०००, त्यामुळे ६४ केबीपीएस म्हणजे ६४,००० बिट. १०२४ चा गुणाकार इथे आणू नका. ई-१ चे २०,४८,००० बिट, टी-१ चे १५,४४,००० आणि एसटीएम-१ चे १५,५५,२०,०००.

घोडं अडलं ते पुढे. एसटीएम-१ ला ५६ के ने भागलं की २७७७.१४ येतात. तपासणाऱ्या साहेबांना हाच आकडा हवा होता. मी १८९० लिहिले होते. फॉर्म परत आला, वर लाल शेरा: 'भागाकार तपासावा'.

भागाकार तपासण्यासारखं काही नव्हतंच. मोडेम फोनच्या लाइनवर आवाज काढतो. एक्स्चेंजला तो आवाज माणसाचा की यंत्राचा याच्याशी देणंघेणं नसतं. सेकंदाला ८००० नमुने, प्रत्येक नमुना ८ बिटांचा, म्हणजे प्रत्येक कॉलला ६४,००० बिटांचा एक अख्खा टाइमस्लॉट, लिंकवरची त्याची राखीव जागा. पत्र एका ओळीचं असलं तरी पाकीट पूर्ण लागतं, तसंच हे. ई-१ मध्ये असे ३२ स्लॉट. शून्य क्रमांकाचा फ्रेम (३२ स्लॉटांची एक फेरी) जुळवण्यासाठी आणि सोळावा सहसा सिग्नलिंगसाठी (कॉल जोडण्या-तोडण्याच्या सूचनांसाठी), म्हणून कॉलला उरले ३०. एसटीएम-१ मध्ये ६३ ई-१ बसतात. ६३ गुणिले ३०, झाले १८९०.

हे सगळं लिहून दिलं, तर दुसरीच शंका आली. "५६ के ला १८९० आणि ३०० बीपीएसलाही १८९०? एकच आकडा सगळीकडे चिकटवलाय तुम्ही!" अहो, गंमत तीच आहे ना! भागाकाराने ३०० बीपीएसचे ५,१८,४०० मोडेम येतात, पण तेवढे कॉल त्या लिंकवर उभेच राहू शकत नाहीत. १८९० जुने मोडेम एकाच वेळी बोलत असले, तर १५५.५२ एमबीपीएसच्या लिंकवर कामाचा डेटा धावतो फक्त ५६७ केबीपीएस. मला तर अख्ख्या तक्त्यात हीच ओळ सर्वांत वाचनीय वाटत होती, आणि नेमकी तीच खोडली जात होती.

शेवटी मी ई-१ ची एक फ्रेम कागदावर आखली. ३२ घरं, त्यातली दोन काळी. साहेबांनी पेनाचं टोक टेकवत एकेक घर मोजलं, काळ्या घरांपाशी थांबले, आणि मग म्हणाले, "मग चौकट एकच का ठेवलीये?" फॉर्म त्यांच्याच विभागाचा होता! मी गप्प राहिलो आणि चौकटीच्या मधोमध रेघ मारली: वर 'एकाच वेळी किती कॉल', खाली 'तीच फाइल जायला किती वेळ'. मंजुरी मिळाली.

तेव्हा कोणी असं रूपांतर करायला बसलात, तर आधी यातला कोणता प्रश्न आहे ते ठरवा. डायल-अप सर्व्हरपाशी कॉल संपून पुढे नुसती पॅकेट्स (डेटाचे तुकडे) जात असतील, तर स्लॉटचा हिशेब उरत नाही आणि भागाकार बराच जवळ जातो. वेळेच्या प्रश्नालाही भागाकारच हवा. ७०० एमबीची सीडी, एमबी म्हणजे दहा लाख बाइट धरून, ५६ के वर बरोबर एक लाख सेकंद घेते, म्हणजे पावणेअठ्ठावीस तासांच्या वर. एसटीएम-१ चा पूर्ण वेग धरला तर ३६ सेकंद. पण एमबी १०२४ च्या हिशेबाने मोजलात तर मोडेमचे २९ तास होतात, म्हणून कुठला एमबी ते तक्त्याखाली लिहाच.

आणखी एक आठवलं. अमेरिकी ओसी-३ या लिंकचा वेगही १५५.५२ एमबीपीएसच आहे, पण त्यात ८४ टी-१ आणि प्रत्येकात २४ कॉल, म्हणजे २०१६. ही ओळ वेगळी ठेवा, नाहीतर १८९० वरून पुन्हा तोच वाद. ५६ के हाही कागदावरचा आकडा. अमेरिकेत सिग्नलच्या पॉवरवरच्या मर्यादेमुळे तो ५३.३ के वर थांबायचा, आणि व्ही.९० या ५६ के मोडेमच्या मानकात वर पाठवायचा वेग ३३.६ केच होता. जुन्या मोडेमवर बॉड (सेकंदाला सिग्नलचे किती ठोके) लिहिलेलं दिसलं तर ते बिट समजून भागू नका. २४०० बीपीएसचा व्ही.२२ बिस मोडेम ६०० बॉडवर चालतो, दर ठोक्याला चार बिट.